सहा प्रश्न, चार उत्तरं आणि एक रेघ : वॉशिंग्टन ग्रुप शॉर्ट सेटचा रिव्ह्यू

मिक्सर नाही, मोबाईल नाही, हा रिव्ह्यू एका प्रश्नावलीचा आहे. नाव वॉशिंग्टन ग्रुप शॉर्ट सेट, किंमत शून्य, ज्याला हवी त्याने डाउनलोड करा आणि वापरा. आमची छोटी संस्था तालुक्यातल्या गावांमधे घरोघरी जाऊन आरोग्याचा सर्व्हे करते आणि "तुमच्याकडे अपंगत्व असलेले किती?" हा प्रश्न दरवेळी कुणीतरी विचारतंच, कधी देणगीदार, कधी पंचायत समितीतले साहेब, म्हणून ही वापरायला घेतली आणि मग बाकीचे देश हेच कसं मोजतात ते वाचत बसले. ते वाचून आधी चक्रावलेच. अमेरिकेत एका सर्व्हेत १३ टक्के, दुसऱ्यात चारातला एक, युरोपात साधारण चौथा हिस्सा आणि आपल्या २०११ च्या जनगणनेत २.२१ टक्के. म्हणजे आपण एवढे धडधाकट? गुडघे धरून एसटीच्या पायऱ्या चढणारी बाई रोज बघतो आपण, त्यामुळे हे काही पटत नाही.

तर आधी डब्यात काय येतं ते सांगते. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने हा गट नेमला, अशा गटांना जिथे पहिली बैठक होते त्या गावाचं नाव पडतं, म्हणून वॉशिंग्टन. देशोदेशीच्या सांख्यिकी खात्यांची माणसं त्यात आहेत. २००६ पर्यंत त्यांनी सहा प्रश्न पक्के केले. दिसायला त्रास होतो का, चष्मा लावून सुद्धा? ऐकायला, यंत्र लावून सुद्धा? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला किंवा लक्ष लागायला? आंघोळ, कपडे घालणं असं स्वतःचं आवरायला? आणि रोजच्या भाषेत बोलताना दुसऱ्याचं समजायला किंवा आपलं समजावायला? प्रत्येकाला चारच उत्तरं: त्रास नाही, थोडा त्रास, खूप त्रास, अजिबात जमत नाही. झालं. माणशी जेमतेम सव्वा मिनिट लागतं असं ते लोक सांगतात, आमच्याकडे आजीबाई असल्या की जास्त लागतं कारण आजी त्रास सांगता सांगता जावयापर्यंत पोचतात, पण ते सोडा.

यातली सगळ्यात भारी गोष्ट काय तर सहाही प्रश्नांत अपंग, दिव्यांग, विकलांग, असं काहीच विचारलेलं नाही. आपल्या २०११ च्या जनगणनेतला नऊ नंबरचा प्रश्न आठवा, ही व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अपंग आहे का, हो की नाही, हो असेल तर आठ प्रकारांपैकी कोड टाका. आता दारात उभा असलेला शिक्षक घरच्या कर्त्या माणसाला हे विचारतोय, मागे ओटीवर लग्नाची मुलगी बसलीय जिला एका कानाने कमी ऐकू येतं, तो माणूस "हो" म्हणेल? शेजारची दोन टाळकी पण ऐकत उभी असतात. आणि म्हातारीचं तर कुणी धरतच नाही, "तिला काय, वय झालंय." तीच म्हातारी आमच्या सर्व्हेत "पायऱ्या चढायला त्रास होतो का आजी?" म्हटल्यावर लगेच सांगते, "अगं खूप गं बाई, बसले की उठवत नाही." म्हणजे माणूस तोच, गुडघा तोच, एका प्रश्नात तो मोजला जातो आणि दुसऱ्यात नाही.

त्या नऊ नंबरच्या प्रश्नातून देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९.६ लाख आकडा आला. २००१ च्या जनगणनेत प्रकार पाच होते, २०११ मध्ये आठ केले, आणि टक्का २.१३ वरून २.२१. एनएसएसचा, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा, २०१८ चा ७६ वा राउंड खास अपंगत्वावरच होता, चांगला मोठा सँपल, पाच लाखांच्या वर माणसं, तिथेही २.२. त्याआधीच्या २००२ च्या राउंडमधे १.८ होता आणि त्यात दृष्टीसाठी व्याख्या अशी की चष्मा असेल तर चष्म्यासकट, चांगल्या उजेडात ३ मीटरवरून हाताची बोटं मोजता येत नसतील तर. बघा म्हणजे किती वरची पायरी आहे. ज्याला बसचा बोर्ड वाचता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, तिखटाच्या पाकिटावरची तारीख दिसत नाही, तो तिथे ठणठणीत धरला जातो.

आता मुद्द्याचं. हे प्रॉडक्ट घेतलं म्हणजे एक आकडा मिळतो असं ज्यांना वाटतं त्यांनी थांबा. एक नाही, तीन चार मिळतात, आणि कुठला घ्यायचा हे रेघ कुठे मारता त्यावर आहे. ग्रुपची शिफारस अशी की सहापैकी निदान एका प्रश्नाला "खूप त्रास" किंवा "अजिबात जमत नाही" आलं तर त्या माणसाला मोजा. झांबियात २००६ च्या सर्व्हेत हे प्रश्न वापरले तेव्हा "थोडा त्रास" पासून धरलं तर १४.५ टक्के, "खूप त्रास" पासून धरलं तर ८.५, आणि फक्त "अजिबात जमत नाही" वाले घेतले तर २.४. त्याच देशाच्या २००० च्या जनगणनेत आकडा होता २.७. म्हणजे थेट "अपंग आहे का" विचारलं की साधारण सगळ्यात जास्त त्रासवालेच हाती लागतात, त्यापेक्षा कमी त्रासाचा सगळा थर सुटतो. आपल्याकडचं २.२ सुद्धा त्याच जातीचं आहे असं माझं मत आहे. आणि याला एक विचित्र आधार पण आहे, डब्ल्यूएचओच्या २०११ च्या जागतिक अहवालात वर्ल्ड हेल्थ सर्व्हेच्या ५९ देशांवरून काढलेला आकडा १८ वर्षांवरच्यांत १५.६ टक्के आहे, पण रेघ खूप वर नेऊन फक्त अगदी गंभीर अडचणवाले धरले तर उरतात २.२ टक्के. योगायोग म्हणा हवं तर.

त्याच अहवालातली अजून एक गोष्ट मला फार आवडली. प्रत्येक देशाचा आपापला प्रश्न घेतला की श्रीमंत देशात अपंगत्व जास्त आणि गरीब देशात कमी दिसतं. पण सगळ्यांना एकच प्रश्नावली लावली की उलटं होतं, श्रीमंत देशांत ११.८ आणि गरीब देशांत १८ टक्के. जे कुणालाही आधीच वाटायला हवं होतं, की जिथे उपचार नाहीत, रस्ते नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबतं तिथेच जास्त असणार.

रेघेवरून खरी मारामारी बघायची तर अमेरिकेत बघा. त्यांच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत २००८ पासून सहा प्रश्न आहेत, दिसायला वॉशिंग्टन ग्रुपच्या भावासारखेच, पण उत्तर हो किंवा नाही आणि प्रश्नातच "गंभीर अडचण" घातलेली. शिवाय तिथे एक प्रश्न एकट्याने डॉक्टरकडे, दुकानात जाता येतं का याचा आहे आणि बोलण्याचा-समजण्याचा नाही. २०२३ मध्ये त्यांच्या सेन्सस ब्युरोने ठरवलं की हे काढून वॉशिंग्टन ग्रुपचे चार उत्तरांवाले प्रश्न घालू, जगाशी जुळेल. ऐकायला किती छान. पण चाचणीत दिसलं की शिफारशीची रेघ मारली तर अपंगत्वाचा टक्का १३.९ वरून ८.१ वर येतो. दिव्यांग संघटना खवळल्या, हजारो हरकती गेल्या, म्हणणं एकच, आमच्यातली इतकी माणसं कागदावरून गायब होणार आणि कागद बघूनच निधी वाटतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्युरोने माघार घेतली. मला दोन्ही बाजू कळतात. पण प्रश्न वाईट होते असं मी म्हणणार नाही, चार पायऱ्यांचं उत्तर हो-नाही पेक्षा चांगलंच, गोंधळ झाला तो "थोडा त्रास" वाल्यांना सरळ शून्यात टाकल्यामुळे. आणि गंमत म्हणजे त्याच अमेरिकेत बीआरएफएसएस नावाचा फोनवरचा आरोग्य सर्व्हे आहे, जवळपास तेच हो-नाहीवाले सहा प्रश्न, तिथे फक्त प्रौढ आणि पद्धत वेगळी, आकडा चारातला एक. एकाच देशात, त्याच प्रश्नांना. मग भारत आणि जर्मनीची तुलना करणारे तक्ते बघून मान डोलावणाऱ्यांना काय म्हणायचं.

युरोपचं मॉडेल एकदम कंजूष आहे, एकच प्रश्न. गेले निदान सहा महिने तब्येतीच्या कारणाने लोक सहसा करतात ती कामं करण्यात तुम्हाला किती मर्यादा आली, फार, थोडी की अजिबात नाही. याला गाली म्हणतात (आपल्याकडच्या गालीशी संबंध नाही, नाव इंग्रजी अक्षरांचं आहे). निरोगी आयुष्याची वर्षं काढायला तिथे हाच प्रश्न वापरतात. स्वस्त आहे, कुठल्याही सर्व्हेत घुसतो, पण "लोक सहसा करतात ती कामं" म्हणजे नेमकी कुठली हे प्रत्येकाने आपल्या डोक्यात ठरवायचं. पॅरिसमधल्या निवृत्त कारकुनाची सहसाची कामं आणि आमच्याकडच्या सत्तरीच्या शेतकऱ्याची सहसाची कामं एक कशी होतील? आमचा म्हातारा अजून बैलांना पाणी दाखवतो म्हणून त्याला मर्यादा नाही? आणि शेवटी कळतही नाही की त्रास डोळ्याचा आहे की पायाचा. मी हे आमच्याकडे वापरणार नाही.

दुसऱ्या टोकाला डब्ल्यूएचओ आणि वर्ल्ड बँकेचं मॉडेल डिसॅबिलिटी सर्व्हे. हे म्हणजे पूर्ण थाळी. अपंग आणि बिनअपंग अशी फाळणीच करत नाहीत, प्रत्येक माणसाला ० ते १०० मधे कुठेतरी बसवतात, आणि घर, रस्ता, मदतीला माणूस, यंत्रं, लोकांची वागणूक हे सगळं विचारतात. चिलीने २०१५ मध्ये हेच वापरलं तेव्हा प्रौढांत २० टक्के आले, २००४ च्या त्यांच्या जुन्या सर्व्हेत सगळ्या लोकसंख्येत १२.९ होते. आता बातमी अशी होऊ शकते की चिलीत अपंगत्व वाढलं, पण पट्टीही बदलली आणि मोजलेली माणसंही. विचार म्हणून हे मॉडेल मला सगळ्यात पटतं. पण लांबलचक आहे, तेवढा वेळ कापसाच्या वेचणीच्या दिवसांत कोण देणार, आणि आमच्यासारख्यांना स्कोअर काढायला संख्याशास्त्रवाला माणूस शोधावा लागेल.

बरं प्रश्न एकच ठेवला, रेघ एकच ठेवली, तरी उत्तर देणारा माणूस एक नसतो. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये यावर लिहिलंय, केरळचे लोक सगळ्यात जास्त जगतात आणि आजारी असल्याचंही सगळ्यात जास्त तेच सांगतात, बिहारचे लोक कमी जगतात आणि आजार कमी सांगतात, आणि अमेरिकेचे लोक केरळच्याही वर. शिकलेला, दवाखाना जवळ असलेला माणूस त्रासाला त्रास म्हणतो, बाकीचे नशीब म्हणतात. यावर डब्ल्यूएचओने एक युक्ती काढली, छोट्या छोट्या काल्पनिक माणसांच्या गोष्टी सांगायच्या, अमुक माणसाला इतकं चालता येतं, एवढं गेल्यावर दम लागतो, आता तुम्ही सांगा याला किती त्रास आहे, म्हणजे उत्तर देणाऱ्याची पट्टी कळते आणि मग त्याच्या स्वतःच्या उत्तराला त्या पट्टीने बघता येतं. सेज नावाच्या त्यांच्या अभ्यासात चीन, घाना, भारत, मेक्सिको, रशिया, दक्षिण आफ्रिका असे सहा देश होते, आणि भारतातल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. शॉर्ट सेटमधे हे काही नाही. तुमच्या आजीचा "थोडा" आणि दुसऱ्या आजीचा "खूप" तसाच उतरवायचा.

चष्म्याची भानगड वेगळीच. "चष्मा लावून सुद्धा" असं विचारायचं कारण बरोबर आहे, म्हणजे चष्म्याने ज्याचं भागतं तो मोजला जाऊ नये. पण ज्याच्याकडे चष्माच नाही तो काय सांगेल? त्याला दिसत नाही, तो "खूप त्रास" सांगतो आणि मोजला जातो. काही लोकांना ही चूक वाटते, मला नाही वाटत, कारण चष्मा मिळत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे, पण मग पुण्यातला आणि आमच्या वाडीवरचा आकडा शेजारी ठेवताना हे लक्षात ठेवायचं की त्यात डोळे किती आणि चष्म्याचं दुकान किती लांब हे दोन्ही मिसळलंय. देशांच्या तुलनेतही तेच.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक करणारा रिव्ह्यू कुणी वाचत नाही. मोठी तक्रार ही की मानसिक आजार यातून जवळपास पूर्ण सुटतो. डिप्रेशन, स्किझोफ्रेनिया असलेला माणूस बघतो, ऐकतो, चालतो, कपडे घालतो, सहाच्या सहा प्रश्नांत पास. लक्ष लागत नाही म्हणाला तर सापडला, नाहीतर गेला. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात हिमोफिलिया, थॅलॅसेमिया, सिकल सेल, कुष्ठरोगातून बरे झालेले, ॲसिड हल्ल्यातले, ठेंगणेपणा हे सगळे आहेत, त्यातले कितीतरी इथे "त्रास नाही" मधे जाणार. आणि उलट, आमच्या गुडघेवाल्या आजी इथे मोजल्या जाणार पण त्यांना ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट कुणी देणार नाही. त्यामुळे सरपंचांना मी आधीच सांगते, ही यादी घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला जाऊ नका, पेन्शनसाठी ही नाही. एनएसएसच्या २०१८ च्या सर्व्हेत तर ज्यांना त्यांनी अपंगत्व असलेले धरलं त्यांच्यापैकी सुद्धा २८.८ टक्क्यांकडेच सर्टिफिकेट होतं.

दुसरी तक्रार प्रॉडक्टची नाही, वापरणाऱ्यांची आहे. सर्व्हेवाल्या मुली दुपारी थकल्या की माणूस समोर चालत आला म्हणून "चालायला त्रास नाही" स्वतःच टिक करतात. घरातला एकच जण सगळ्यांची उत्तरं देतो. सून सासूचं सांगते ते एक वेळ बरं, सासरा सुनेचं सांगतो तेव्हा तिला काहीच त्रास नसतो. ट्रेनिंगमधे यावर निम्मा दिवस घालवला नाही तर प्रश्न कितीही जागतिक असोत, काही उपयोग नाही.

आणि ही प्रश्नावली खरी कशासाठी घ्यायची तर बेरजेसाठी नाहीच. ती घ्यायची तुलनेसाठी. सर्व्हेत बाकी सगळं विचारता ना, शाळा, रक्ताची कमतरता, बाळंतपण कुठे झालं, संडास आहे का, त्यालाच हे सहा प्रश्न जोडा आणि मग बघा की त्रास असलेल्या बायका दवाखान्यात कमी पोचतात का. म्हणूनच आरोग्य सर्व्हेत हे प्रश्न असणं महत्त्वाचं. डीएचएस नावाचे लोकसंख्या आणि आरोग्याचे जे सर्व्हे अनेक देशांत होतात त्यांनी २०१६ मध्ये याच सहा प्रश्नांचं जोडपत्र केलं, पण ऐच्छिक, म्हणजे ज्या देशाला वाटेल त्याने लावायचं. आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने पैसे बंद केल्यावर तो अख्खा कार्यक्रमच अडकला. आपला एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे, त्याच घराण्यातला, करते कोण तर मुंबईत देवनारला असलेली आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था. पाचव्या फेरीत म्हणजे २०१९-२१ मध्ये अपंगत्वाचा प्रश्न होता, घरात कुणाला अपंगत्व आहे का असा, म्हणजे पुन्हा ओटीवरचाच प्रश्न, पण निदान होता. सहाव्या फेरीत तो काढला. सुधारायच्या ऐवजी काढला याचा मला राग आहे. एनएसएस आहे की, असं कुणी म्हणेल, पण एनएसएसमधून त्या बाईचं हिमोग्लोबिन कळत नाही.

त्याच आयआयपीएसच्या लासी या ४५ च्या पुढच्या लोकांच्या सर्व्हेत मात्र अंघोळ, जेवण, अंथरुणातून उठणं, संडासला बसणं-उठणं असं एकेक काम विचारलंय, अमेरिका आणि युरोपच्या तशाच सर्व्हेंशी जुळवून. म्हणजे आपल्याला जमत नाही अशातला भाग नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कापला मानसिक आजारासाठी, ते हवं असेल तर याच ग्रुपचा एन्हान्स्ड सेट घ्या, त्यात बारा प्रश्न आहेत, चिंता, उदासी आणि हातांचे प्रश्न जोडलेत. पाच वर्षांच्या आतल्या पोरांना हे सहा प्रश्न लावू नका, दोन ते सतरा वयासाठी युनिसेफबरोबर केलेला वेगळा संच आहे, तो आईला किंवा सांभाळणाऱ्याला विचारायचा. आणि एक्सेलमधे भरताना चारही उत्तरं जशीच्या तशी ठेवा, हो-नाही करून टाकू नका, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी वेगळी रेघ मागितली तर परत गावभर फिरावं लागणार नाही.